विंचवाचा एच-इंडेक्स

सप्टेंबर-ऑक्टोबर आला की कोल्हापुरात एक बातमी हमखास येते. जगातल्या 'टॉप दोन टक्के' शास्त्रज्ञांच्या यादीत आपल्याकडचे अमुक इतके जण. पेपरात पासपोर्ट फोटोंची ओळ, व्हॉट्सॲप स्टेटसवर हार-तुरे, आणि कॉलेज जरा हौशी असेल तर गेटवर फ्लेक्स. बातमीत एक वाक्य ठरलेलं असतं: अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने निवड केली.

तशी निवड कुणी करत नाही. यादी जॉन इओअनिडिस या स्टॅनफर्डमधल्या प्राध्यापकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी बनवलेली आहे. माहिती एल्सव्हियर या प्रकाशन कंपनीच्या स्कोपस नावाच्या साठ्यातून येते, गणित कॉम्प्युटर करतो. किमान पाच पेपर असलेले जगभरचे संशोधक घ्यायचे, त्यांना विषय आणि उपविषयांच्या खोक्यांत टाकायचं आणि प्रत्येकाला एक गुण द्यायचा. कुणी मुलाखत घेत नाही, कुणी पेपर उघडूनही बघत नाही. गंमत म्हणजे हाच इओअनिडिस २००५ मध्ये एका निबंधामुळे जगभर गाजला होता. छापून आलेले बहुतेक संशोधन-निष्कर्ष चुकीचे का असतात, हा त्याचा विषय होता. छापील संशोधनावर एवढा संशय घेणाऱ्या माणसाच्या यादीवरून आपल्याकडे मिरवणुका निघतात, याचं त्याला काय वाटत असेल कोण जाणे.

यादीतल्या लोकांबद्दल माझी तक्रार नाही. शिवाजी विद्यापीठातले जे संशोधक या यादीत येत राहिलेत, त्यातल्या अनेकांनी थिन फिल्म आणि मटेरियल सायन्समध्ये वर्षानुवर्षं काम केलंय, तेही मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळांच्या मानाने तुटपुंज्या साधनांवर. यादीचं गणितही बिनडोक नाही. त्यात सहा आकडे मिसळतात. एकूण सायटेशन, एच-इंडेक्स, सहलेखकांची संख्या लक्षात घेऊन काढलेला एच-इंडेक्स, आणि उरलेले तीन आकडे पेपरात तुमचं नाव एकट्याचं आहे, पहिलं आहे की शेवटचं, यावर अवलंबून. म्हणजे पंधरा जणांच्या रांगेत मधेच उभं राहून पेपर गोळा करणाऱ्याला ही यादी फार भाव देत नाही. स्वतःच स्वतःला दिलेली सायटेशन धरून आणि वगळून, असे दोन्ही क्रम त्यात असतात. बातमीत यातलं काहीच येत नाही. येतो तो फक्त 'दोन टक्के'.

माझा मुद्दा समीक्षेचा आहे. कवीच्या कवितासंग्रहांची संख्या सांगून कुणी समीक्षा उरकली तर आपण हसू. शास्त्रज्ञाच्या बाबतीत मात्र तेवढ्यावर आपलं समाधान होतं: पेपर इतके, सायटेशन इतकी, एच-इंडेक्स इतका. एच-इंडेक्स तीस म्हणजे त्या माणसाचे तीस पेपर असे आहेत, की प्रत्येकाचा उल्लेख इतरांनी किमान तीस वेळा केलाय. हॉर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये ही युक्ती काढली. कुणाचं किती चाललंय याचा अंदाज तिच्यातून येतो. काय चाललंय, ते मात्र कळत नाही. ते कळायला पेपर वाचावे लागतात.

म्हणून मी एका माणसाचे पेपर वाचायला घेतले. मटेरियल सायन्स मला झेपणार नव्हतं, म्हणून वैद्यकातला माणूस निवडला. तोही असा, ज्याच्या मागे विद्यापीठ नाही, पीएचडीचे विद्यार्थी नाहीत, मोठी प्रयोगशाळा नाही: महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर. पबमेड ही वैद्यकीय लेखांची मोफत यादी आहे. तिथे त्यांचं आडनाव टाकलं की चार दशकांचा ऐवज समोर येतो. सुरुवात तळापासून, म्हणजे सगळ्यात जुन्या लेखांपासून करायची.

पार्श्वभूमी थोडक्यात. जन्म १९५१ चा, जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचा. एमबीबीएस नागपूरला. १९७६ मध्ये महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मेडिकल ऑफिसर. पुढे पुण्याला एमडी करून परत महाडलाच. २०२२ मध्ये पद्मश्री. 'बॅरिस्टरचं कार्टं' हे त्यांचं आत्मचरित्र तुमच्यापैकी काहींनी वाचलं असेल. ते चांगलंच आहे, पण इथे ते बाजूला ठेवू. आत्मचरित्र वाचलं की माणसाबद्दल आदर वाटायला लागतो आणि मग पेपर नीट वाचले जात नाहीत.

पहिला महत्त्वाचा पेपर १९८२ चा, लंडनच्या 'लॅन्सेट'मधला, पानं तीन, लेखक एक. विषय लाल विंचवाच्या दंशानंतर हृदयावर परिणाम होणार आहे हे आधी कशावरून ओळखायचं. त्याचं महत्त्व कळायला तेव्हाची परिस्थिती माहीत हवी. कोकणात जांभ्याचा दगड, गवत, भाताचा पेंढा, सरपण यांच्या आडोशाला लहानसा तांबूस विंचू असतो. पश्चिम महाराष्ट्रातही तो आहे. आपल्याकडे विंचू म्हटलं की ठणका आठवतो, मांत्रिक आठवतो, एकनाथांचं भारूड आठवतं. माणूस विंचवाने मरतो हे शहरातल्या डॉक्टरांनाही फारसं खरं वाटत नसे. पण बिरवाडीला मुलं मरत होती. आणि गोष्ट उलटी होती: ज्यांना भयंकर ठणका लागायचा ते बहुतेक वाचायचे. ज्यांना ठणका कमी, पण उलटी, दरदरून घाम, तोंडाला लाळ, हातपाय गार, पुरुष रुग्ण असेल तर लिंगाला ताठरता, ते काही तासांत फुप्फुसात पाणी होऊन दगावायचे.

१९८२ च्या पेपरचा गाभा एवढाच. ही लक्षणं दिसली की समजायचं, हा रुग्ण हृदयाच्या वाटेवर आहे. मला त्या पेपरात सगळ्यात आवडली ती त्याची साधने: डोळे, थर्मामीटरचीही गरज नसलेला हाताचा स्पर्श, रक्तदाब मापायचं यंत्र, आणि रात्रभर खाटेशेजारी बसणं. प्राथमिक आरोग्य केंद्रात जे असतं तेच. वाचणाऱ्याकडेही तेच असणार होतं.

पुढचा प्रश्न उपचाराचा. या विषाने नसांमधली सोडियमची दारं उघडी राहतात, शरीरात ॲड्रेनलिनसारख्या रसायनांचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, रक्तदाब चढतो, हृदय थकतं आणि फुप्फुसं भरतात. तेव्हा असे रुग्ण स्टिरॉइड, ॲट्रोपिन, ॲन्टिहिस्टामिन अशा औषधांवर हाताळले जात. बावस्करांनी आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारं औषध वापरून पाहिलं. प्राझोसिन. ते ब्लडप्रेशरसाठी आधीपासून बाजारात होतं, गोळीच्या रूपात, स्वस्त. मुलांना पाव मिलिग्रॅम, मोठ्यांना अर्धा, गरजेप्रमाणे दर तीन तासांनी. सलाईनचा पंप नको, आयसीयू नको. १९८६ मध्ये त्यांनी आणि डॉ. प्रमोदिनी बावस्करांनी हे 'लॅन्सेट'ला कळवलं. प्रमोदिनीबाई त्यांच्या पत्नी, आणि त्यानंतरच्या बहुतेक महत्त्वाच्या पेपरांच्या सहलेखिका. पद्मश्रीच्या बातम्यांमध्ये त्यांचं नाव शोधावं लागतं, पेपरांच्या यादीत लागत नाही. मोजणीवाल्यांच्या बाजूने ही एक गोष्ट सांगितलीच पाहिजे.

१९८६ चं ते प्रकाशन म्हणजे एक पत्र होतं. संपादकाला पत्र. इथे मोजणी अडखळायला लागते.

इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे एखाद्या नियतकालिकातल्या आधीच्या दोन वर्षांच्या लेखांना यंदा सरासरी किती सायटेशन मिळाली, त्याचा भागाकार. वर, अंशात, नियतकालिकाला मिळालेली सगळी सायटेशन. खाली, छेदात, फक्त 'मोजण्याजोगे' लेख, म्हणजे संशोधनलेख आणि रिव्ह्यू. संपादकाला पत्र छेदात धरत नाहीत. म्हणजे हिशेबाच्या दृष्टीने पत्र हा लेखच नाही, पण त्याला सायटेशन मिळाली तर ती मात्र चालतात. बढतीच्या फॉर्मवरही पत्राचं वजन नगण्य. आणि विंचवावर प्राझोसिन ही गोष्ट जगापुढे अशा एका पत्रातून आली. आकडा काढणाऱ्या यूजीन गारफिल्डचा उद्देश मुळात असा नव्हताच. त्याने १९५५ मध्ये सायटेशनच्या सूचीची कल्पना मांडली ती एका पेपरवरून दुसऱ्या पेपरपर्यंत पोचता यावं म्हणून. रस्त्यावरच्या पाट्यांसारखी. पुढे लोकांनी पाट्या मोजून गावाची श्रीमंती ठरवायला सुरुवात केली.

पण पत्राची गोष्ट किरकोळ आहे. मोठी अडचण वेगळी.

सायटेशन कोण देतं? जो पेपर लिहितो तो. आता बावस्करांच्या लेखांचा खरा वाचक कोण, ते बघा. पोलादपूर, खेड, मंडणगड, देवगड, अशा कुठल्या तरी ठिकाणी रात्री अकरा वाजता ड्यूटीवर असलेला, बाँड पूर्ण करणारा पंचविशीतला डॉक्टर. त्याच्यासमोर सहा वर्षांचं पोर आहे, घामाने भिजलेलं, हातपाय गार. कुठेतरी वाचलेलं किंवा सीनियरने सांगितलेलं त्याला आठवतं आणि तो प्राझोसिनची अर्धी गोळी मोडतो. सकाळी पोर घरी जातं. यातून एकही सायटेशन तयार होत नाही. त्याने पेपर वाचला, समजला, वापरला, आणि तो स्वतः आयुष्यात एकही पेपर लिहिणार नाही. वैद्यकातल्या लेखाला याहून चांगला वाचक मिळू शकत नाही, आणि नेमका हाच वाचक मोजणीत दिसत नाही. सायटेशन लिहिणाऱ्यांच्या आपसातल्या बोलण्याचा आवाज मोजतं. तो आवाज असतोच, खरा असतो. पण ज्या शास्त्राचा उपयोग न लिहिणाऱ्या माणसाच्या हातून होतो, तिथे या आवाजावरून परिणाम ठरवणं म्हणजे गिऱ्हाइकांना सोडून फक्त इतर आचाऱ्यांना विचारून खानावळ ठरवण्यासारखं आहे.

शिवाय एखादी गोष्ट पाठ्यपुस्तकात गेली की मूळ पेपरचा उल्लेख करायचं कुणाला सुचत नाही. रॉबर्ट मर्टन या समाजशास्त्रज्ञाने या प्रकाराला नावच दिलं होतं: ज्ञानात सामावून गेल्यामुळे पुसलं जाणं. म्हणजे पेपर फारच यशस्वी झाला तर त्याची सायटेशन थांबतात. तिसरी बाब विषयाच्या आकाराची. विंचवाच्या दंशावर कोण लिहितं? भारत, ब्राझील, मेक्सिको, ट्युनिशिया, इराण, सौदी अरेबिया. उष्ण प्रदेश, बहुधा गरीब रुग्ण. ज्या रोगाचे रुग्ण न्यूयॉर्क-लंडनला नाहीत, त्याच्या पेपरला सायटेशन द्यायला माणसंच कमी. यादी उपविषयाची खोकी करून याची थोडी भरपाई करते, एच-इंडेक्स ती अजिबात करत नाही.

हे सगळं कोल्हापुरात बसून का लिहायचं? कारण आकड्यांचा परिणाम सत्कारापुरता राहिलेला नाही. यूजीसीने २०१० मध्ये प्राध्यापकांच्या बढतीला एपीआय नावाची गुणपद्धत जोडली आणि पेपर छापून देणारी दुकानं गल्लोगल्ली उघडली. मग चांगल्या नियतकालिकांची यूजीसी-केअर यादी आली, २०२५ मध्ये तीही गुंडाळली गेली. पीएचडीला पेपरची सक्ती आली आणि २०२२ मध्ये उठली. एनआयआरएफ रँकिंगमध्ये पेपर आणि सायटेशनला मोठा वाटा आहेच. नियम येतात-जातात, पण तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या आणि कायमच्या जागेची वाट बघणाऱ्या मुला-मुलींच्या डोक्यात एकच हिशेब राहतो: कोणत्या विषयावर लवकर छापून येईल आणि कोण सायटेशन देईल.

म्हणजे विषय निवडतानाच निकाल लागतो. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली, माणसं गेली. पंचगंगेच्या पाण्याचा प्रश्न त्याआधीही होता, आजही आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर इथे कोणते आजार वाढले, कुठल्या वस्तीत, किती दिवस? हे प्रश्न मायक्रोबायोलॉजी किंवा बायोकेमिस्ट्रीच्या एमएस्सीवाल्याच्या बसच्या टप्प्यात आहेत. पण त्यांच्यावरचा पेपर शांघायमध्ये किंवा सोलमध्ये कुणी कशाला साइट करेल? त्यापेक्षा नॅनोकण बनवा, दोन जिवाणूंवर टाका, ते मेल्याचे फोटो काढा, छापा. जगभर हजारो लोक तेच करतायत, त्यामुळे सायटेशन मिळतात. माझ्या ओळखीतल्या एका मुलीला तिच्या गाइडने अगदी प्रेमाने हाच सल्ला दिला, आणि करिअरच्या हिशेबाने तो बरोबर होता. तिने तो ऐकला. मला तिला नावं ठेवता येत नाहीत.

बावस्करांना हा सल्ला देणारं कुणी नव्हतं, किंवा असलं तरी त्यांच्या पगाराचा त्याच्याशी संबंध नव्हता. हे त्यांचं मोठेपण म्हणून सांगू नये. ती एक सोय होती, आणि आज ती फार थोड्यांना आहे.

आता त्यांच्या लेखनातल्या कमतरता. सलग वाचताना त्या टोचतात. एकच माहिती अनेकदा येते. १९९४ चा 'टॉक्सिकॉन'मधला लेख, १९९६ चा 'क्यूजेएम'मधला, २०१२ मधला 'जेएपीआय'चा मोठा आढावा, यांत परिच्छेदच्या परिच्छेद ओळखीचे वाटतात. संदर्भांच्या यादीत त्यांचीच नावं पुन्हापुन्हा येतात. या दोषाला अर्धं उत्तर आहे: ज्या वाटेवर फार कुणी चाललेलंच नाही, तिथे माणूस स्वतःच्याच पावलांचे ठसे दाखवणार. आणि भारतातल्या डॉक्टरांच्या नियतकालिकात तेच पुन्हा सांगणं म्हणजे सायटेशन वाढवणं नव्हे, तो प्रचार होता. पण उत्तर अर्धंच आहे, कारण पुनरुक्तीमुळे नवीन काय आणि जुनं काय हे वाचणाऱ्याला कळेनासं होतं.

याहून गंभीर आक्षेप पुराव्याचा आहे. त्यांच्या लेखांत वारंवार येणारा आकडा असा: प्राझोसिनच्या आधी, १९६१ ते १९८३ या काळात, गंभीर रुग्णांपैकी २५ ते ३० टक्के फुप्फुसात पाणी होऊन दगावत. नंतर हे प्रमाण एक टक्क्याच्या खाली आलं. आकडा डोळे दिपवणारा आहे. पण ही 'आधी' आणि 'नंतर'ची तुलना आहे. त्याच वर्षांत रस्ते आले, गाड्या आल्या, लोक भगताकडे न जाता लवकर दवाखान्यात यायला लागले, डॉक्टरांनाही आजार ओळखता यायला लागला (तोही बऱ्याच अंशी बावस्करांमुळेच). यातलं श्रेय गोळीचं किती आणि बाकीचं किती, हे अशा तुलनेतून वेगळं काढता येत नाही. एखाद्या चिकित्सक वाचकाने इथे पुस्तक मिटलं असतं तर त्याला दोष देता आला नसता. माझंही मत इथे जरा डळमळलं होतं.

मग यादीत वर सरकत २०११ पर्यंत आलो. 'बीएमजे', म्हणजे ब्रिटिश मेडिकल जर्नल. लेखक तेच दोघं, ठिकाण महाडचं त्यांचंच हॉस्पिटल. प्रकार मात्र वेगळा: चिठ्ठ्या टाकावी तशी वाटणी केलेली चाचणी. लाल विंचवाच्या दंशाचे सत्तर रुग्ण. पस्तीस जणांना नुसतं प्राझोसिन. पस्तीस जणांना प्राझोसिन आणि सोबत विंचवाच्या विषावरची लस, ज्याला आपण प्रतिविष म्हणतो. कुणाला काय दिलंय हे डॉक्टरांना आणि रुग्णांना माहीत होतं, ही त्यातली उणीव, आणि ती शीर्षकातच कबूल केलेली आहे. रुग्ण थोडे, केंद्र एकच, हीसुद्धा.

निकाल समजून घेताना एक लक्षात ठेवा. तोपर्यंत पंचवीस वर्षं हा माणूस जगभर प्राझोसिनसाठी ओळखला जात होता. त्याची सगळी सायटेशन, सगळी भाषणं, सगळी ओळख त्या गोळीवर उभी होती. नुसत्या गोळीला कमी ठरवू शकेल अशी चाचणी करायची त्याच्यावर कुणी सक्ती केलेली नव्हती. दहा तासांनंतर पूर्ण बरे झालेले रुग्ण मोजले. गोळी आणि प्रतिविष दोन्ही मिळालेल्या गटात पस्तीसपैकी बत्तीस. नुसती गोळी मिळालेल्या गटात पस्तीसपैकी आठ.

प्रसिद्ध झालेल्या कुठल्याही यादीत हा पेपर आणि १९८६ चं पत्र शेजारी शेजारी एकेक आकडा म्हणून बसतील. दोन्ही बावस्करांच्याच खात्यात जमा. दुसऱ्याने पहिल्याला दुरुस्त केलं, हे दाखवायला कुठल्याच इंडेक्समध्ये रकाना नाही. तो २०११ चा पेपर मोफत आहे आणि फोनवर नीट उघडतो. इंग्रजी साधं आहे. प्रस्तावना सोडून दिलीत तरी चालेल, निकालांची सारणी आधी बघा.